सोमवारचा आकडा

"उभे राहा मामा, लाजू नका. बघू द्या लोकांना."

सर स्टेजवरून माइकमध्ये बोलले आणि अख्ख्या सभागृहानं माना मागं वळवल्या. शेवटून दुसऱ्या रांगेत माझे आबा बसले होते. लाल पटका, कडक धुतलेलं धोतर, मांडीवर रेक्झिनची पिशवी. ते उभे राहिले. हात जोडले. कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून तीन बाजूंना जोडले.

"ह्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या," सर म्हणाले. "आता ह्यांची मुलगी आमच्या लॅबमध्ये बसते. खत तेवढंच झकास पडतंय!"

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले, डॉक्टर हसले, एमबीबीएसच्या पोरांनी तर शिट्ट्या मारल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मीसुद्धा हसले. खोटं कशाला सांगू? सर विनोद करतात तेव्हा हसायचं, हे सहा वर्षांत अंगवळणी पडलं होतं. हसून झालं आणि मग मी मागं बघितलं. आबाही हसत होते. खाली बसा असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून ते तसेच उभे होते.

त्या दिवशी सरांचा, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाईडांचा, सत्कार होता. शंभरावा शोधनिबंध छापून आला म्हणून. स्टेजच्या मागं केवढा तरी फ्लेक्स. त्यावर सरांचा फोटो, आणि फोटोखाली सरांच्या साइटेशनचा आकडा, माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण लिहिलेल्या पेपरचा दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आधार घेतला, की आपल्याला एक साइटेशन मिळतं. जितकी जास्त साइटेशनं तितका माणूस मोठा. पद त्यावर, समित्या त्यावर, परदेशवाऱ्या त्यावर. तो फ्लेक्सवरचा आकडा फ्लेक्सवाल्याला मीच फोनवर सांगितला होता. दोनदा वाचून घेतला होता त्याच्याकडून, चुकू नये म्हणून.

आणि आबांना मीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "वडिलांना घेऊन ये. तुझाही उल्लेख करणार आहे." मी वेडी. मला वाटलं, एवढ्या लोकांपुढं सांगणार की हे काम हिचं आहे. आबा माणवरून दोन एसट्या बदलून आले होते.

केला की उल्लेख. लय झकास केला.

संस्थेचं नाव मी सांगत नाही. कराड-सांगलीकडं हायवेला लागून मोठ्या कमानीच्या संस्था काय कमी नाहीत. त्यातली एक समजा. मी तिथं पीएच.डी. करते. माझं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या दुष्काळी कडेला. आम्ही मेंढपाळ धनगर. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कोरेगाव, कराडच्या पाणीवाल्या रानात उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत माघारी. मधले महिने ह्याच्या रानात चार दिवस, त्याच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची. रानाला खत मिळतं, आम्हाला जागा मिळते. मी मात्र आश्रमशाळेत राहिले, मग साताऱ्याला बी.एस्सी., सांगलीला एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या सगळ्या भावकीत पाय बांधून एका जागी बसलेली मी पहिली.

पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे मेंढके का तुम्ही?" ते एकदम सावरून बसले. "अरे वा! मला तुझीच गरज होती."

मला वाटलं माझ्या मार्कांची गरज असेल. आता हसू येतं.

सरांना काम करायचं होतं ब्रुसेला नावाच्या जंतूवर. मेंढीच्या पोटात हा जंतू गेला की ती गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लू टाकते. आमची माणसं ते पिल्लू, ती वार उघड्या हातानं ओढतात. हाताला कुठं खरचटलेलं असलं की जंतू आत. मग ताप. येतो, जातो, महिना बरा, परत येतो. पाठ धरते, सांधे धरतात. माणूस वर्षानुवर्षं कण्हत राहतो आणि डॉक्टर टायफॉइड म्हणून गोळ्या देत राहतात. आमच्या आबांना हा ताप मी लहान असल्यापासून होता.

माझ्या आधी सरांनी तीन पोरं पाठवली होती रक्त आणायला. पांढरे कोट घालून, गाडी घेऊन. आमच्या माणसांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली. बरोबरच केलं. सकाळच्या पारी कोण कुठला येतो आणि हातात सुई घेऊन म्हणतो, दंड पुढं करा.

मग मी गेले. औंधच्या माळापासून सुरुवात केली. पहाटेचं उठायचं, मेंढरं चरायला सुटायच्या आत तळावर पोचायचं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, तिच्या कडेला बसायचं, चहा प्यायचा, कोण कुणाची सून, कोण कुणाचा मेव्हणा हे सगळं बोलून घ्यायचं आणि मग म्हणायचं, "तात्या, रगत द्या की वाईच." तरी लोक बिचकायचे. तवा आबा पुढं आले. सगळ्यांसमक्ष सदऱ्याची बाही वर सारली आणि म्हणाले, "काढ. माझी पोरगी हाय, माझं सगळं रगत प्याली तरी चालंल." लोक हसले. मग एकेक दंड पुढं आला. पहिल्या बाटलीवर मी लिहिलं, मेंढपाळ एक. ते माझ्या बापाचं रक्त.

तीन हिवाळे मी हे केलं. गोधडीत बर्फाचा डबा गुंडाळून एसटीनं रक्त आणलंय. कंडक्टर विचारायचा, काय गं हाय त्यात? मी म्हणायचे, दही.

आता इथनं पुढं नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे.

असल्या अभ्यासात दोन गट लागतात. एक ज्यांचा मेंढरांशी संबंध आहे त्यांचा. दुसरा ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांचा. दोन्हींची तुलना करायची. दुसऱ्या गटासाठी सरांनी फार डोकं चालवलं नाही. कृष्णेकाठी त्यांचं गाव. ऊसवाल्यांचं. त्यांनी भावकीत चार फोन केले आणि मला म्हणाले, "आमच्या गावातनं घेऊन ये. बागायतदार माणसं आहेत, त्यांचा मेंढरांशी काय संबंध?"

ह्याच गावाच्या रानात माझ्या लहानपणी आमची मेंढरं बसायची. सरांच्या स्वतःच्या रानात बसायची. बांधावर आमची चूल असायची. शाळकरी वयापासून ह्या माणसानं दर वर्षी ते डोळ्यांनी बघितलं होतं. आणि पीएच.डी. होऊन, परदेशात शिकून आल्यावर त्यानं लिहिलं की ह्या लोकांचा मेंढरांशी संबंध नाही. मुद्दाम नव्हतं ते. तेवढं मी मान्य करते. आम्ही त्याच्या रानात दिसत असूनही त्याच्या हिशेबातच नव्हतो.

मी माझ्या रजिस्टरमध्ये एक रकाना जादा आखला होता. रानात मेंढरं बसतात का? कधी? व्यायला अडलेल्या मेंढीला हात लावलाय का? आणि बागायतदारांनी बिनधास्त सांगितलं, व्हय, बसत्यात की, दर साली. सरांच्या थोरल्या भावानं तर कौतुकानं सांगितलं. त्यांना सगळे दादा म्हणतात. "तुझ्या बापाची एक मेंढी अडली हुती बघ पहाटंची. पिल्लू आडवं. तुझ्या बापाला ताप, हात थरथरायला लागलं. मग म्या घातला हात. कोपरापतुर. जित्तं निघालं पिल्लू!"

दादांचं रक्त म्हणजे शेतकरी नऊ. ही चाचणी साधी असते. पांढऱ्या कार्डावर रक्तातल्या पाण्याचा थेंब, त्यात गुलाबी द्रावणाचा थेंब, आणि कार्ड हलवत राहायचं. थेंब गुळगुळीत राहिला तर माणूस बरा. त्यात रव्यासारखे दाणे धरले तर जंतू. शेतकरी नऊच्या थेंबात दाणे धरले. मी तीनदा केलं. तिन्हीदा धरले. आणि एकटे दादा नव्हेत. त्या गटात असे बरेच निघाले, आणि ज्यांनी ज्यांनी मेंढीला हात लावला होता तेच निघाले.

मी नाचत सरांकडं गेले. मला वाटलं, केवढा मोठा शोध! हा आजार नुसता आमचा नाही, रानवाल्यांचापण आहे, आणि ह्यावर आजवर कुणी बोललेलं नाही. रजिस्टर टेबलावर ठेवलं. सरांनी नाकाला रुमाल लावला. तीन हिवाळे ते माझ्याबरोबर तळावर राहिलं होतं, लोकर, लेंड्या, धूर, सगळ्याचा वास त्याला.

"ते आधी बाहेर ठेव. वास मारतंय. मला नुसती कॉम्प्युटरवरची यादी दे."

मी रजिस्टर बाहेर ठेवून आले आणि म्हटलं, "सर, तुमच्या दादांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे."

ते शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात तो आजार नसतो. तुझी चाचणी चुकली असेल."

"तीनदा केली सर."

"मग नमुना खराब असेल. काढून टाक. आणि तो जादा रकानापण काढ, उगाच गोंधळ होतो."

"दादांना सांगायचं का?"

"कुणाला काय सांगायचं ते गाईड ठरवतो."

मी काढून टाकलं. माझ्याच हातानं. दादा गेले, ते बाकीचे गेले. राहिले फक्त गुळगुळीत थेंबवाले. ते रजिस्टर परत कधीच कुणी मागितलं नाही, म्हणून ते माझ्या खोलीत कॉटखाली पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पेपर छापून आला, परदेशातल्या मोठ्या मासिकात. पहिलं नाव सरांच्या मुलाचं. त्यानं आयुष्यात मेंढी फक्त ताटात बघितली असेल. पण त्याला परदेशात ॲडमिशन घ्यायचं होतं. मग सर. मग संस्थेचे संचालक. मग सरांचे पुण्याचे मित्र. मी चारदा खालवर केलं. माझं नाव नव्हतं. सगळ्यात शेवटी, आभाराच्या ओळीत, सगळ्या मेंढपाळांचे आभार मानून झाल्यावर होतं, "आणि एका स्थानिक मदतनीस महिलेचे." नाव तिथंही नाही.

मी केबिनमध्ये गेले. उभी राहिले, कारण मला तिथं बसायला कधीच सांगितलं जायचं नाही.

"सर, माझं नाव..."

"अगं, आभारात घेतलंय की तुला. रक्त गोळा करणं म्हणजे संशोधन नव्हे. पुढच्या पेपरात बघू."

आणि आत काय लिहिलं होतं? की हा आजार मेंढपाळांतच आहे आणि त्याचं कारण त्यांची अस्वच्छ राहणी. शेजारी राहणारे बागायतदार मात्र निरोगी आहेत. अस्वच्छ राहणी! माझ्या आयनं चुलीपुढची चार फूट माती रोज शेणानं सारवली, जिथं मुक्काम तिथं, माळावर, परक्या बांधावर. त्या पेपरातलं सगळ्यात जास्त उचललं गेलेलं वाक्य तेच. दुसऱ्या वर्षी ते बातम्यांतून गावोगाव पोचलं आणि दोन रानवाल्यांनी आबांना परत फिरवलं. "तुमच्याकडं तापाचा रोग हाय म्हनं, पुढं जावा." आबांना कळेना हे कुणी पसरवलं. मला कळत होतं. मी गप्प.

त्या पेपरचं नशीब असं फळफळलं की विचारू नका. जो तो त्याचा आधार घ्यायला लागला. सरांच्या बाकी सगळ्या पेपरांना मिळून जेवढी साइटेशनं, त्याहून जास्त ह्या एकाला. मग सरांनी मला एक कायमचं काम लावलं. दर सोमवारी सकाळी सरांच्या आधी यायचं, त्या आठवड्यात नवीन कुणी कुणी पेपरचा आधार घेतला त्याची यादी काढायची. लेखकाचं नाव, संस्था, देश, ईमेल. आणि एकूण आकडा मोठ्या अक्षरांत छापून केबिनबाहेरच्या बोर्डावर टाचणीनं लावायचा. सर यायचे, बोर्डापुढं उभे राहायचे, "वाढतंय!" म्हणायचे आणि मग चहा. तीन वर्षं. माझ्या बापाच्या रक्तावर वाढणारा आकडा मीच टाचत होते.

आणि माझा स्वतःचा प्रबंध? माझ्या नावाचा पेपर असल्याशिवाय तो देता येत नव्हता. "पुढच्या पेपरात" म्हणता म्हणता माझ्याबरोबरच्या पोरी डॉक्टर होऊन, लग्नं होऊन, प्राध्यापक झाल्या.

तर तो सत्कार.

कार्यक्रम संपल्यावर मी आबांना घेऊन कराडच्या स्टँडवर आले. बाकड्यावर बसलो. आबांनी पिशवीतनं भाकरी काढली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "मला वाटलं तुझं नाव आत्ता घेत्याल, मग घेत्याल. शेवटपतुर कान लावून बसलो हुतो."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

मग ते सहज बोलावं तसं म्हणाले, "त्येंच्या थोरल्याची पाठ कशी हाय गं? स्टेजवर दिसला न्हाई. देवमाणूस हाय त्यो. माझी मेंढी वाचिवली त्यानं."

आणि मी फुटले. सगळं सांगितलं. रकाना, गुलाबी थेंब, दाणे, काढून टाकलेले नमुने, छापलेलं वाक्य, आबांना परत का फिरवलं ते. मला वाटलं आबा सरांना शिव्या घालतील. माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. आबांनी भाकरी परत फडक्यात बांधली.

"चार सालं तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन त्यो मानूस पाठ धरून बसलाय. आन तू गप हुतीस. नावासाठी?"

मी म्हटलं, "आबा, सरांनी सांगितलं होतं की..."

"सर ग्येलं खड्ड्यात. म्या तुला इचारतुय."

सभागृहात झाला तो अपमान बाहेरच्यांनी केलेला. हा मात्र खरा होता. म्हसवडची एसटी लागली. आबा मागं न बघता चढले. खिडकीतनंसुद्धा बघितलं नाही. मी तिथंच बसले, आणि माझ्या अंगातनं काहीतरी निघून गेलं. सहा वर्षांची भीती असेल. तिच्या जागी जे आलं त्याला सरळ शब्द आहे. सूड. मी तो लाजून दुसऱ्या कुठल्या शब्दात गुंडाळणार नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, रजिस्टर काढलं आणि सरांच्या गावाला गेले. दादा पडवीत कॉटवर होते. कमरेला पट्टा. उठायला कॉटची दांडी धरायला लागत होती. मला बघून म्हणाले, "ये की पोरी. बाप बरा हाय न्हवं?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्येला ठावं हाय?"

"हो."

"कवापास्नं?"

"चार वर्षं. आणि मलापण ठाऊक होतं, दादा."

ते रस्त्याकडं वळले. "चार सालं मी मुंबै-पुनं केलं. पाठीचं आप्रेशन कराय निघालो हुतो. आन ह्यो माझ्याम्होरं बसून जेवत हुता." मग माझ्याकडं वळले. "तुझं मागनं बघू. आदी त्येचं. काय करायचं ठरीवलंस?"

मी म्हटलं, आधी तुमची तपासणी. सांगलीला, दुसऱ्या लॅबमध्ये, जिथं मला कुणी ओळखत नाही. रिपोर्ट तोच आला. औषध सुरू झालं. काढून टाकलेल्या बाकीच्यांच्या घरोघर मग दादाच माझ्याबरोबर आले, पट्टा बांधून, मोटारसायकलवर मागं बसून. आणि प्रत्येकाला सांगितलं, "खरं हाय ती सांगती. रगत द्या." पहिल्या वेळेला माझे आबा पुढं आले होते, ह्या वेळेला सरांचे दादा. शेवटी त्यांनी पाटीपेन्सिलीसारख्या अक्षरात लिहून दिलं, माझा रिपोर्ट आणि माझं नाव जगजाहीर करायला माझी परवानगी आहे. खाली सही. आणि त्याखाली सरांचं नाव, 'माझा धाकटा भाऊ' असं लिहून.

मी मासिकाच्या संपादकाला पत्र लिहिलं. रजिस्टरच्या पानापानाचे फोटो जोडले. मराठीतलं रजिस्टर, लेंड्यांचे डाग पडलेलं. शेजारी इंग्रजीत खुलासा. काढून टाकलेला प्रत्येक नमुना, काढायला कुणी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं. कुणी केलं तेही लिहिलं. मी केलं.

तीन आठवड्यांनी सरांनी बोलावलं. संपादकाचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, "बस."

मी बसले नाही.

"हे बघ, रागाच्या भरात माणूस करतो काहीतरी. झालं ते झालं. तू पत्र मागं घे, गैरसमज झाला म्हणून. आपण दुरुस्ती छापू. तुझं नाव घालू. पहिलं. माझ्या मुलाच्याही वर." थोडं थांबून, "दोन महिन्यांत तुझा प्रबंध मी स्वतः पुढं पाठवतो. आणि ते रजिस्टर आणून दे. संस्थेची मालमत्ता आहे ती."

पहिलं नाव. ज्याच्यासाठी मी चार वर्षं तोंड शिवून बसले ते समोर ताटात वाढून ठेवलं होतं. खोटं नाही सांगत, एक क्षण मी हो म्हणणार होते. मग मला ते वाक्य आठवलं. अस्वच्छ राहणी. त्याच्यावर माझं नाव लावायचं म्हणत होता हा माणूस. आबांच्या रक्तावर, दादांच्या पाठीवर, माझ्याच हातचा शिक्का.

मी म्हटलं, "त्या पेपरवर माझं नाव नको सर. नाही घातलंत ते बरं झालं. आता तो पाडायला माझे हात मोकळे आहेत."

"तुझं करिअर संपेल."

"तुमच्या दादांची पाठ बरी व्हायला लागलीय. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगितलं. आणि रजिस्टर वास मारतंय सर, तुम्हाला सोसायचं नाही. चौकशी समितीपुढं आणून ठेवीन."

सरांचा चेहरा पडला नाही. असली माणसं कोसळत नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि मला हातानं जा म्हणून खूण केली. त्या दिवसापासून माझ्या डोक्याचं जरा बिघडलंय अशी बातमी संस्थेत फिरायला लागली. माझी नोंदणी रद्द करायची का, त्यावर समिती बसलीय. मैत्रिणी जिन्यात दिसल्या की फोन कानाला लावतात. मासिकानं पेपरच्या माथ्यावर एक ओळ टाकलीय, ह्या निबंधाबद्दल शंका घेतली गेली असून चौकशी सुरू आहे. बस्स. चौकशी कवा संपेल ते देव जाणे. तोवर लोक ती ओळ न वाचता पेपरचा आधार घेतच राहणार आणि आकडा वाढतच राहणार, असा सरांचा हिशेब आहे. आकडा म्हणजेच सर. तो शाबूत तर सर शाबूत.

पण सर एक विसरले. दर सोमवारच्या त्या याद्या कुणाकडं आहेत? तीन वर्षांच्या. ज्यानं ज्यानं त्या पेपरचा आधार घेतला त्या प्रत्येकाचं नाव, संस्था, देश, ईमेल. ब्राझीलचा माणूस आहे त्यात, केनियाची बाई आहे, इराणचे आहेत, बिकानेरचा एक आहे जो स्वतः मेंढपाळांवरच काम करतो. सगळे माझ्या हातानं उतरवलेले. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मी पत्र पाठवणार आहे. एकगठ्ठा नाही, एकेकाला, नावानिशी. तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ते खोटं आहे, हे घ्या रजिस्टर, हे घ्या काढून टाकलेल्यांचे रिपोर्ट, हे दादांचं सहीचं पत्र. आणि ज्या वाक्यात तुम्ही माझ्या माणसांना घाण म्हणालात ते वाक्य मागं घ्या. उत्तर येईपर्यंत परत लिहीन. त्यातले पाच जरी मागं फिरले तरी मासिकाला झोपून राहता येणार नाही. पेपर पडला, म्हणजे मासिकानं तो रद्द केला, की त्या पेपरचा आकडा सरांकडं आधारासारखा राहणार नाही, डागासारखा राहील.

माझी पदवी गेली तर गेली. मेंढरं राखता येतात मला अजून. ह्या माणसाला मी सोडणार नाही.

आज सोमवार आहे. सवयीनं सर यायच्या आधी आले. कार्ड अजून चालतंय माझं, दार उघडलं. बोर्डावरचा गेल्या सोमवारचा आकडा काढला, टाचणी तीच ठेवली आणि नवा कागद लावला. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलंय, पाठवलेली पत्रं. सरांची गाडी आत्ताच कमानीतनं आत आली. मी बोर्डापाशीच उभी आहे.

कागदावर आजचा आकडा आहे, एक.